तीळभर भांडण

आमच्या घरी भांडण लावायचं काम बाबांकडे होतं आणि बाबा ते दार लावून करत. हे वाक्य मी परक्या माणसासमोर बोलले की तो आधी दचकतो आणि मग माझ्या आईबद्दल कणव दाखवू लागतो. म्हणून आधीच खुलासा करते. आम्ही भंडाऱ्याचे कासार. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणारी घरं पुष्कळ होती, पण आमच्या घरात भांडी होत नसत. टाळ आणि झांजा होत. टाळाच्या दोन वाट्या वेगवेगळ्या ओततात, वेगवेगळ्या घासतात. त्या जुळ्या जन्मत नाहीत. ढिगातली एक उचलायची, वाजवायची, दुसरी वाजवायची, कुठे थोडं खरडायचं, आणि मनासारखं झालं की दोघींना एका दोरीत ओवायचं. या शेवटच्या कामाला बाहेरची माणसं ‘जोड लावणं’ म्हणत. आमच्या घरात त्याला ‘भांडण लावणं’ म्हणत. जेवायला बसताना बाबा सहज सांगत, “आज सकाळपासून सहा भांडनं लावली,” आणि आई म्हणे, “लय झाले, आता जेवा.”

या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. कारण तो मला कळला आहे असं मी धरून चालले होते. आपल्याकडे अशुभ तोंडावर येऊ नये म्हणून उलटं बोलायची रीत आहे. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. डब्यातले तांदूळ संपले की आई म्हणे, तांदूळ वाढले. दुकान बंद करायचं तर तेही वाढवायचं, आणि घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. तेव्हा दोन वाट्यांचा सूर इतका एकजीव जुळवायचा की दृष्ट लागावी, आणि ती लागू नये म्हणून त्याला भांडण म्हणायचं, असा माझा सरळ हिशेब होता. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत या हिशेबात मला काही खोट दिसली नाही. हुशार मुलींची हीच पंचाईत असते, त्या विचारत नाहीत.

घर अरुंद आणि लांबोडकं. रस्त्याकडे कारखाना, म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि भिंतीला खुंट्याच खुंट्या. मधल्या खोलीत बाबांची भांडणाची जागा. मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे विहीर. पहाटे भाता सुरू झाला की मला जाग येई. मुशीत तांबं वितळलं की त्यात कथील पडे, आणि तेवढ्या वेळापुरतं बाबा कुणाशी बोलत नसत. मग साच्यात ओतलेल्या वाट्या निघत, काळ्या, खडबडीत, चुलीतून काढलेल्या रताळ्यासारख्या. झांजा मात्र ओतून भागत नाही, त्या ठोकाव्या लागतात. लाल तापवलेली चकती ऐरणीवर धरून गणपतकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, घणाचे घाव घालत आणि ती पाण्यात बुडवत. तो चर्र आवाज आणि मागून येणारा फोडणीचा आवाज यांतला फरक मला झोपेतही कळे. आई सकाळी तांदळाचे आयते करी, जाळीदार, तव्यावरून उचलताना फाटतील असे पातळ, आणि त्याबरोबर टमाट्याची चटणी. दुपारी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटीच्या शेंगांची भाजी. तलावातले शिंगाडे निघाले की ते उकडून टोपलीत ठेवलेले असत आणि येता-जाता हात काळे करून आम्ही ते सोलत असू. सगळ्या खाण्याला धातूचा थोडा वास असे. तो वास आहे हे मला लग्नानंतर कळलं, कारण सासरच्या भाताला तो नव्हता.

बाबांच्या मते जगात दोनच धातू होते. पितळ बोलतं आणि कांसं गातं. पितळेचे टाळ स्वस्त, त्यांचा आवाज टण् करून जागीच बसतो. कांशाचा आवाज निघाला की लांबपर्यंत चालत जातो. पण कांसं मानी असतं, हातातून फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, सरळ तडकतं. खुंट्यांवर सगळं गोत टांगलेलं असे. तळहाताएवढे जाड टाळ, मध्ये खोल वाटी आणि कड रुंद, भजनासाठी. पातळ, मोठ्या झांजा, ढोलासोबत आणि दंडारीच्या नाचात वाजवायच्या, ज्यांचा आवाज शेतापलीकडे जावा लागतो. चिंचोक्याहून थोड्या मोठ्या मंजिऱ्या, घरात एकटं बसून गुणगुणणाऱ्यांच्या. लाकडी चिपळ्यांसाठी लागणाऱ्या छोट्या चकत्या आम्ही सुताराला पुरवत असू, पण बाबा त्यांना गोतात धरत नसत. “थे चुळबूळ करते, वाजत नाही,” म्हणत.

टाळाचा इतिहास मला त्यांनीच सांगितला, तो असा. माणसाने आधी टाळी वाजवली. नाचणारे नाचत राहिले आणि वाजवणाऱ्याचे हात सुजले, तेव्हा त्याने हातात धातू घेतला. म्हणून टाळीचा टाळ झाला. जुन्या देवळांच्या दगडावर नाचणाऱ्या बायकांच्या बाजूला कुणीतरी टाळ धरून उभं असतंच, ते पाहा म्हणत. मृदंगाचं कातडं कुजून जातं, वीणेचं लाकूड किडतं, पण टाळ मातीत पुरला तरी शेकडो वर्षांनी नांगराला लागून वाजतो. पुढे मी पुस्तकं वाचली. त्यांत अशा वाद्यांना घनवाद्य म्हटलं होतं, जुन्या संस्कृत ग्रंथांतला कांस्यताल हा शब्द होता, आणि पार तुर्कस्तानातले कारागीरही तांबं-कथलाचाच मेळ घालून झांजा ठोकतात असं लिहिलं होतं. ते वाचून मला बाबांचा अभिमान वाटला. त्यांच्या इतिहासात सुजलेले हात होते, पुस्तकात ते नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती लिहायची म्हणून हे सगळं काढलं आहे, आणि लिहिणं टाळतही आले आहे.

बाबांचे कान जात होते. आयुष्यभर घणाशेजारी बसलेल्या माणसाचे कान जाणारच, गणपतकाकांचे तर केव्हाच गेले होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. घणाला कान लागत नाहीत. पण भांडण लावणाऱ्याचे कान गेले तर उरतं काय? तुमसरहून, पवनीहून, थेट बपेऱ्यापलीकडच्या मध्य प्रदेशातल्या गावांतून माणसं येत ती बाबांचं नाव घेऊन ‘नथ्थूजीच्या कानाचे टाळ’ मागत. बाबांनी आधी रेडिओ मोठा केला. मग रेडिओ लावणंच सोडलं, बातम्यांत आजकाल काही राम नाही म्हणाले. विनोद झाला की ते आमच्या हसण्याकडे पाहून हसत, एक क्षण उशिरा. भांडणाच्या खोलीत पूर्वी ते दोन तास बसत, आता अख्खा दिवस बसू लागले. दाराबाहेरून मला तीच वाटी पुन्हा पुन्हा वाजलेली ऐकू येई. आम्ही सगळे ते पाहत होतो आणि कुणी एक अक्षर बोलत नव्हतं.

मॅट्रिकची परीक्षा होऊन मी घरी बसले होते. एका सकाळी आईने मला विहिरीजवळ बोलावलं. हातातला पोहरा तिने खाली ठेवला नाही. “तुह्या बाबाले आता आयकू येत नाही,” ती म्हणाली. “डाव्या कानावर काम चालू होतं, थो बी गेला दिसते. थे सांगनार नाहीत. तू बी विचारू नोको. ताक घेऊन आत जा, अन् तिथंच बस. थे वाजवतील त तुह्या तोंडाकडं पाहतील. तुले समजते नं सुरातलं?”

मला समजत होतं. नुसतं समजत नव्हतं, त्याची घमेंड होती. शाळेत मी पाच वर्षं पेटी शिकले होते आणि आमच्या बाई म्हणत, मंदाचा कान म्हणजे काटा आहे, केसभर हललेला सूर तिला चालत नाही. मी ताकाचा पेला घेऊन आत गेले. बाबांनी वर पाहिलं, दार लावून घे म्हणाले, आणि मी तिथे का बसले हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एक वाटी वाजवली, दुसरी वाजवली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नाही. वाटी आतून खरडली की सूर उतरतो, कड घासली की चढतो, एवढं मला माहीत होतं. मी बोटाने दाखवलं. त्यांनी खरडलं. पुन्हा वाजवलं. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून एक होईपर्यंत मी नाही-नाही करत राहिले, आणि झाले तेव्हा मान डोलावली. “लागलं?” त्यांनी विचारलं. “लागलं,” मी म्हटलं. कासाराच्या पोरीला भांडण म्हणजे काय हे सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नसणार. आणि सांगायचं झालं असतं तर ‘मला ऐकू येत नाही’ हेही त्यांना बोलावं लागलं असतं. त्या दोन गोष्टी एकाच दाराआड होत्या.

माझ्या हातून लागलेला तो पहिला माल शहापूरच्या भजन मंडळाचा होता. मंडळ बौद्ध वस्तीतलं, देवाजी गुरुजी त्याचे प्रमुख. ते तिथल्या शाळेत शिक्षक होते, उंच, स्वच्छ धोतर, बोलणं हळू. वैशाख पौर्णिमेला बुद्धाची गाणी म्हणायला त्यांना टाळांच्या दहा जोड्या हव्या होत्या. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिते: ते आले की आमच्याकडे त्यांना चहा बाहेरच्या बाकावर दिला जाई आणि कप वेगळा असे. बाबा त्यांच्याशी फार आदराने बोलत. आदराने बोलत आणि कप वेगळा देत, आणि या दोन गोष्टी एकमेकींना टोचतात हे त्या वयात मला सुचलंही नाही. मी दहा जोड्या आठ दिवसांत लावल्या. सगळ्या पेटीच्या एकाच काळ्या पट्टीला मिळवल्या, म्हणजे वीसच्या वीस वाट्यांचा सूर एक. असं काम भंडाऱ्यात कधी झालं नसेल असं मला वाटलं, आणि ते खरंच होतं.

पौर्णिमेला पाच-सहा दिवस असताना गुरुजी परत आले. सकाळची एसटी होती ती. बरोबर मंडळातले दोघे, आणि काखेत फडक्यात बांधलेले टाळ. कारखान्यात तेव्हा तुमसरचे शेठ बसले होते, सीमेपलीकडच्या गावांना माल पुरवणारे. त्यांच्यापुढे झांजा मांडलेल्या होत्या आणि वर्षभराच्या मालाचं बोलणं चालू होतं. मी दारात उभी होते, कारण बोलणं चालू असताना बाबांच्या नजरेसमोर मी असावं असं आईने ठरवून दिलं होतं.

“नथ्थूभाऊ, राग नोका मानू,” गुरुजी म्हणाले. “टाळ दिसाले लय सुंदर झाले. पन बोलत नाहीत.”

बाबा हसले आणि म्हणाले, “बसा नं गुरुजी, चहा सांगतो.”

शेठ मोठ्याने हसले. तक्रार टाळायची ही युक्ती आहे असं त्यांना वाटलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी बाबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग गाठोडं सोडून एक जोड काढली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “यायच्यात भांडन नाही, भाऊ.” त्यांनी टाळ वाजवला. माझ्या कानाला तो आवाज चोख वाटला. एक सरळ रेघ निघाली, पुढे गेली आणि संपली. मग त्यांनी खुंटीवरची एक जुनी जोड काढली, बाबांच्या चांगल्या दिवसांतली, आणि ती वाजवली. तो आवाज निघाला, ओसरला, पुन्हा भरून आला, पुन्हा ओसरला, तलावाच्या काठाला पाणी लागतं तसा हेलकावत राहिला. दोन वाट्यांचे सूर एक नव्हतेच. अगदी जवळ होते, पण एक नव्हते, आणि त्यांच्या त्या ओढाताणीतून आवाज जिवंत राहत होता. हा आवाज मी जन्मापासून रोज ऐकत होते. त्या क्षणी पहिल्यांदा ऐकला. भांडण म्हणजे भांडणच होतं. उलटं काही नव्हतं. 

“असा माल कधी गेला नाही तुमच्याकडून,” शेठ म्हणाले. “काय होऊन राहिलं, नथ्थूजी?”

बाबांनी गुरुजींच्या हातातले टाळ घेतले. एकदा उजव्या कानाशी वाजवले, एकदा डाव्या. मग डोळे मिटून पुन्हा. समोर बसलेल्या कुणालाही कळावं इतकं ते उघड होतं. घरात कुणीच नसताना दार ठोठावत राहणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला ते पाहवेना. मी म्हटलं, “बाबा, मी…” त्यांना ऐकू आलं नाही, पण माझे ओठ हललेले दिसले, आणि त्यांनी तळहात वर करून मला थांबवलं.

“चूक माही हाय,” ते म्हणाले. आपला आवाज किती मोठा झाला आहे हे त्यांना समजत नव्हतं. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. “मले आयकू येत नाही. उजवा कान जाऊन दोन वर्सं झाले. डावा या हिवाळ्यात गेला. मी कोनाले सांगतलं नाही. तुमाले बी नाही, शेठ. सांगाले पायजे होतं.”

गणपतकाकांचा घण थांबला होता, त्यांना काय समजलं देव जाणे. मधल्या दारात आई खाली बसली. शेठ उठले, झांजांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ठीक हाय मग, पुढच्या बाजाराले पाहू.” ते वाईट माणूस नव्हते, व्यापारी होते. पुन्हा ते आमच्या दाराशी आले नाहीत. बाबांनी दोन वर्षं जे व्हायच्या भीतीने जीव मुठीत धरला होता ते सगळं अर्ध्या मिनिटात होऊन गेलं.

गुरुजी मात्र बसून राहिले. त्यांनी हाताने खुणावून विचारलं, मग हे लावले कुणी? बाबा म्हणाले, “मीच.” माझा बाप माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि तेही सगळं गमावून झाल्यावर. मला रडू फुटलं. मी लावले, मी सांगितलं. बाबांनी नाही. आणि हुंदके देत बांगडीचं, तांदळाचं, उलट्या बोलण्याचं सगळं सांगितलं. आज कुणी मला असं सांगितलं तर मी पोट धरून हसेन. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माझे दोन टाळ पुन्हा वाजवून पाहिले आणि म्हणाले, “सूर बरोबर हाय तुहा, बाई. एकदम बरोबर. थेच चुकलं.”

मग त्यांनी सांगितलं की त्यांना हे कळतं कसं. त्यांचे वडील वाजंत्रीत झांज वाजवत. दुसऱ्यांच्या लग्नात, दुसऱ्यांच्या वरातीपुढे, बोलावलं की जायचं आणि उष्टं घेऊन यायचं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी झांज खाली ठेवली आणि परत हात लावला नाही. “आमच्या घरात पंधरा वर्सं कांसं वाजलं नाही,” गुरुजी म्हणाले. “मले वाटाचं, झांजेचा काय दोष? पन बापाले विचाराची हिंमत नाही झाली. यंदा म्हनलं, आता आपल्यासाठी वाजवू. म्हाताऱ्यानं अडवलं नाही. फक्त म्हनला, भांडन पाहून घेजो.” एवढं बोलून ते उठले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, “चाला, लावू.”

त्या दिवशी भांडणाच्या खोलीचं दार उघडं राहिलं. बाबा खरडायला बसले, मी वाजवायला, गुरुजी बाजूला. पहिल्या जोडीला बाबांनी एका वाटीच्या पोटात दोनदा खरडलं. मी वाजवलं. हेलकावे आले, पण इतके सावकाश की एक येईपर्यंत आवाज संपून जाई. हे बाबांना सांगायचं कसं? शब्द पोचत नव्हते. मी नकळत हात वर केला आणि आवाजाबरोबर तो खाली-वर करू लागले. आवाज भरला की वर, ओसरला की खाली. बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी वाटी पुन्हा घेतली, थोडं खरडलं. माझा हात जरा लवकर हलला. “अजून,” ते म्हणाले. पुन्हा खरडलं. आता हात थरथरल्यासारखा झाला. “लय झालं,” म्हणाले, आणि कड एकदा घासली. या वेळी हात जसा हलला तसा त्यांनी पाहिला आणि मनगट घट्ट धरलं. “हे. हे याद ठेव. भांडन तीळभर असावं. तांदळाएवढं झालं का घर मोडते.” त्यांना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि मला जे ऐकू येत होतं ते त्यांना येत नव्हतं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा टाळ ऐकला तो असा, माझ्या हातावर बघून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. दुपारपर्यंत चार जोड्या झाल्या.

परवा माझ्या नातीने टाळाजवळ फोन धरला. त्यात सूर दाखवणारा काटा असतो. दोन वाट्यांना दोन वेगळे आकडे आले तेव्हा ती म्हणाली, आजी, तुझे टाळ बेसूर आहेत. मी तिला मारलं नाही. सतराव्या वर्षी माझ्याकडे फोन असता तर मी शहापूरला वीसऐवजी दोनशे मुक्या वाट्या धाडल्या असत्या. पुढे लग्न होईपर्यंत चार वर्षं त्या खोलीत मी बसले, आणि नंतरही माहेरपणाला आले की बाबा ढीग काढून ठेवत. ‘नथ्थूजीच्या कानाचे’ म्हणायचं लोकांनी सोडलं. गिऱ्हाईक कमी झालं, पण जे आलं ते सगळं माहीत असून आलं. बाबा कुणालाही आधीच सांगत, “कान पोरीचा हाय, हात माहा. चालते का पाहा.” आता माझाही डावा कान जायला लागला आहे. डॉक्टरांनी यंत्र सांगितलं, मी त्याच दिवशी घेतलं आणि गल्लीत सगळ्यांना दाखवून आले.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या जेवणाचं. चार जोड्या झाल्यावर आई आतून आली आणि गुरुजींना म्हणाली, “हात धुवा, पाट मांडले.” पाट आत मांडले होते, स्वयंपाकघरात, एका ओळीत. गुरुजी क्षणभर उभे राहिले. त्यांच्याबरोबरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. मग सगळे बसले. उशिरा सुचलेल्या गोष्टीबद्दल आम्ही शाबासकी घ्यावी असं त्यात काही नाही; मला फक्त इतकं आठवतं की तो वेगळा कप आठवून मला गुरुजींकडे बघता येत नव्हतं.

भात, वरण, वांग्याची भाजी. बाबांनी पहिला भात संपवला. आई पातेलं घेऊन त्यांच्या पुढ्यात आली आणि नेहमीसारखं हळू म्हणाली, “वाढू का?”

हिवाळ्यापासून काय होत होतं ते मला त्या वेळी उमगलं. आई काहीही म्हणाली की बाबा मान हलवत. कधी होकाराची, कधी नकाराची, अंदाजाने. भूक असताना उपाशी उठत आणि पोट भरलेलं असताना वाढलेलं मुकाट संपवत. दवाखान्यात जायचं का म्हटलं तरी मान, कुणी वारलं म्हटलं तरी मान. एकाच घरात, एकाच ओळीत बसून आमच्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून त्यांनी एकदाही आम्हाला उलट विचारलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली नाही. वर पाहिलं आणि शहापूरच्या पाहुण्यांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाले, “काय म्हनलं? मले आयकू नाही आलं.”

आई मोठ्याने म्हणाली, “भात वाढू का?”

“आं?”

तिसऱ्यांदा ती ओरडलीच, शेजारच्या घरापर्यंत गेलं असेल. “भात. वाढू. का.”

“वाढ नं,” बाबा म्हणाले. “भूक लागली हाय.”

आई वाढत राहिली. ताट भरलं, भात कडेवरून पाटावर सांडला, आणि ती वाढतच राहिली.